जमिनीपर्यंत न पोचलेली तार

त्या रविवारी सकाळी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं होती.

"आता?" गच्चीवरून आवाज आला.

"आता तीन झाली!" खिडकीतून मान बाहेर काढून बायको ओरडली. "अहो, मगाचंच बरं होतं!"

"मगाचं म्हणजे कुठलं? डावीकडचं की उजवीकडचं?"

"ते मला इथून काय दिसतंय!"

गच्चीवर गंजलेल्या खांबाला मिठी मारून उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे आपले बहुतेकराव. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका नोंदणी कचेरीत कारकून होते आणि तिथे कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असे. फाइल साहेबांकडे गेली का? बहुतेक. साहेब जागेवर आहेत का? बहुतेक. एकदा एका पाहुण्याने सहज विचारलं, "आपलं लग्न झालंय ना?" तर तिथेही यांच्या तोंडून तेच निघालं. तेव्हापासून नाव जे चिकटलं ते चिकटलंच. इमारतीच्या सोसायटीचे सचिवही ते असेच झाले होते. सभेत कुणीतरी विचारलं, "तुम्ही होणार का हो सचिव?" पुढचं सांगायला नको.

माणूस वाईट नव्हता, मुळीच नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायचं म्हटलं की त्यांचं डोकं गरगरायचं. मग ते जवळच्या खात्रीवाल्या माणसाचा शब्द उचलायचे आणि पुढे चालायला लागायचे. आपणही किती वेळा असंच करतो, खरं सांगा!

तर त्या दिवशी खांबाने शेवटी मान टाकली. कर्रकन आवाज झाला, अँटेना तिरपी झाली आणि खाली टीव्हीवर बाईही गेल्या आणि नाकंही गेली. आता नवा खांब आणि नवी अँटेना बसवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बायकोने वायरमनकाकांना निरोप धाडला.

काका येईपर्यंत घरातली दुसरी गोष्ट सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

बहुतेकरावांच्या आई रोज गच्चीवर कपडे वाळत घालायच्या. सुनेने कितीदा म्हटलं, "आई, मी घालते ना," तरी त्या ऐकायच्या नाहीत. "तू घडीच्या घडी लटकवतेस, वाळणार कधी?" म्हणून बादली उचलायच्या. पण गेले दोन महिने त्या काहीतरी वेगळंच सांगत होत्या.

"अरे, त्या तारेला ओला कपडा लावला ना, की हातात झिणझिणतं. कोपरापर्यंत जातं."

"वयामुळे असेल, आई."

"भांडी घासताना नाही होत मग. कडीला हात लावला तर नाही होत."

बहुतेकरावांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मनगट दाबलं, बोटं मोजायला लावली आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या संपल्या, झिणझिण्या राहिल्या. मग दुसऱ्या गोळ्या आल्या. हळूहळू आईंनी तक्रार करणं बंद केलं. घरातल्यांना वाटलं, गुण आला.

पण एका दुपारी बहुतेकरावांनी दारातून पाहिलं. आई स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या होत्या आणि एकेका वस्तूला बोट लावून बघत होत्या. नळ, पातेलं, खिडकीचा गज, पुन्हा नळ. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "ताईचं असंच सुरू झालं होतं." त्यांची थोरली बहीण शेवटच्या वर्षांत माणसं ओळखेनाशी झाली होती. भिंतीत कुणीतरी बोलतंय म्हणायची. आईंना वाटत होतं, आपलंही डोकं त्याच वाटेने निघालंय.

 बहुतेकरावांना काय करावं ते कळेना. गोळी बदलावी, डॉक्टर बदलावा, की आईचं मन दुसरीकडे वळवावं? ते तसेच मागे फिरले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

वायरमनकाका दहाच्या सुमाराला आले. पासष्टीचे, खांद्यावर खाकी पिशवी, पायात जाड रबरी बूट. बोलणं मोजकं आणि तेही बहुधा प्रश्नच. त्यांनी जुना खांब उतरवला, नवा उभा केला, कठड्याला पट्ट्या मारून घट्ट आवळला. अँटेना फिरवली आणि खालून बायकोचा आनंदी आवाज आला, "एकच नाक! एकच!"

"झालं तर मग," बहुतेकराव हात झटकत म्हणाले.

"कुठे झालं?" काकांनी पिशवीतून जाड उघड्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं. "अर्थिंग राहिलं की. खांबाची तार जमिनीत कुठे द्यायची?"

"जमिनीत कशाला? ती या शेजारच्या बँकवाल्यांच्या खांबाला जोडा. आमची पहिल्यापासून तिथेच होती."

काकांनी उतरवून ठेवलेल्या जुन्या खांबाच्या बुडाशी पाहिलं. तिथली तार केव्हाचीच गंजून तुटली होती आणि नुसतीच लोंबत होती. त्यांनी ती बाजूला केली. मग विचारलं, "आणि बँकवाल्यांची तार जाते कुठे?"

"त्यांची... त्यांची व्यवस्थित असणार. बँकेतला माणूस आहे."

"व्यवस्थित कुठे जाते?"

आता बहुतेकरावांचं डोकं गरगरायला लागलं. गच्चीवर चार खांब होते. चार घरांचे चार. एका खांबापासून दुसऱ्याकडे हिरव्या तारा गेल्या होत्या, मध्ये टीव्हीच्या काळ्या वायरी लोंबत होत्या आणि बँकवाल्यांच्या खांबापासून इमारतीतल्याच दातांच्या डॉक्टरांच्या खांबापर्यंत कपड्यांची जाड लोखंडी तार ताणलेली होती. इतकी वर्षं ते या जाळ्याखालून मान वाकवून जात होते, पण कुठली तार कुठून निघते आणि कुठे संपते हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते खाली गेले आणि बँकवाल्यांना हाक मारून घेऊन आले.

"आमची ना? शिकवणीच्या बाईंच्या खांबाला जोडलीय," बँकवाले म्हणाले. "एकदम पक्की. बाई किती शिस्तीच्या, माहितीय ना!"

शिकवणीच्या बाईंना बोलावलं. त्या हातातला खडू तसाच घेऊन आल्या. "माझी दातांच्या डॉक्टरांच्या खांबाला आहे. म्हटलं, डॉक्टर माणूस, त्यांचं काम चोखच असणार."

मग दातांच्या डॉक्टरांना वर आणलं. ते जरा वैतागूनच आले. "आमचं काय विचारता! माझी तार पाण्याच्या पाइपला आहे. लोखंडी पाइप, तोही थेट जमिनीत गेलेला. मी स्वतः इथे उभं राहून बांधून घेतलीय. बारा वर्षं झाली त्याला."

"बघा!" बहुतेकरावांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आहेच की सगळं नीट."

 काका डॉक्टरांच्या तारेमागे तारेमागे कठड्यापर्यंत गेले. तिथे टाकीतून खाली उतरणारा पाइप होता, भिंतीच्याच पिवळट रंगाचा. तारेचा शेवट त्याला पितळी पट्टीने छान आवळलेला होता. काकांनी पाना घेऊन पाइपवर टकटक केली.

ठप्प, ठप्प.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. खालून पांढरं प्लॅस्टिक निघालं.

चौघेही त्या पांढऱ्या ओरखड्यावर वाकले.

"पाइप कधी बदलला?" काकांनी विचारलं.

बहुतेकरावांची कानशिलं तापली. दोन वर्षांपूर्वी जुना पाइप गळायला लागला होता, तेव्हा ठराव त्यांनीच लिहिला होता. त्यातला एक शब्दही त्यांना आठवायची गरज नव्हती. 'जुना पाइप काढून प्लॅस्टिकचा बसवावा व भिंतीशी मिळताजुळता रंग द्यावा, जेणेकरून फरक दिसू नये.' फरक खरोखरच दिसत नव्हता! प्लंबर बिचारा इमानी होता. जुन्या पाइपवरची पट्टी त्याने काढली आणि नव्या पाइपवर जशीच्या तशी परत आवळून दिली. ती तिथे कशाला होती, हे त्याने विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलं नाही.

"म्हणजे आता वीज..." शिकवणीच्या बाईंनी सुरुवात केली आणि पुढे काय विचारावं ते त्यांनाही सुचेना.

"म्हणजे तुम्ही चौघं एकमेकांचे हात घट्ट धरून उभे आहात," काका म्हणाले, "पण पाय कुणाचेच जमिनीवर नाहीत."

"पण आजवर काही झालं नाही ना!" बँकवाले म्हणाले.

"काही बिघडलं असतं तर कळलं असतं," डॉक्टरांनी री ओढली.

मग जो तो बोलायला लागला. बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी कळवायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, पाइप सोसायटीचा आहे, म्हणजे सचिवांचं काम. बँकवाले म्हणाले, प्लंबरला बोलवा. बहुतेकराव एकदा याच्या तोंडाकडे बघत आणि एकदा त्याच्या. प्रत्येकाचं म्हणणं त्यांना पटत होतं आणि तरी एकाचंही खरं वाटत नव्हतं.

या गलक्यात जिन्याचं दार उघडलं आणि बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर आली. मघाशी टाकी भरून वाहिली होती, गच्चीभर पाणी साचलं होतं. चपला भिजू नयेत म्हणून तिने त्या जिन्यातच काढल्या होत्या. आज आईंना विश्रांती द्यायची, कपडे आपणच घालायचे, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. तिने चादर पिळली, झटकली आणि तारेकडे हात उचलला.

"थांबा!"

काका एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या रस्त्यावरचा माणूसही वर बघायला लागला. "हात खाली! तारेला लावू नका! मागे व्हा, सूनबाई, कोरड्यात जा आधी!"

ती जागच्या जागी थिजली. चादर हातातून पाण्यात पडली. बहुतेकरावांनी धावत जाऊन तिला दंडाला धरून जिन्याच्या उंबऱ्यावर ओढलं.

काकांनी खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक कपड्यांच्या तारेला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा पेटला. त्यांनी डॉक्टरांच्या खांबाला लावला, पेटला. बाईंच्या खांबाला, पेटला. बँकवाल्यांच्या खांबालाही पेटला.



"तुमच्याकडे अँटेनाला बूस्टर आहे का, चित्र साफ करणारी विजेची पेटी?" काकांनी डॉक्टरांना विचारलं. "तो जाऊन बंद करा. पिन काढूनच ठेवा."

डॉक्टर पळत खाली गेले. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "काढली!" काकांनी पुन्हा टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

"बूस्टरच्या पेटीत ओल गेलीय. करंट वायरीतून खांबावर चढतोय," काका म्हणाले. "तार जमिनीत असती तर तो तिकडेच गेला असता, तुमचा फ्यूज उडाला असता आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. जमीन मिळाली नाही म्हणून तो बसलाय या तिन्ही खांबांवर वाट बघत. एकाच्या घरातला बिघाड, पण तारांनी तिघांच्या खांबांवर पोचवला. आणि आकाशातली वीज पडली असती तर तिचं काय झालं असतं, ते आता सांगत नाही, तुम्हाला जेवण जायचं नाही."

"पण काका, मी तर सकाळी खांबाला धरूनच उभा होतो!" बहुतेकरावांना घाम फुटला.

"तुमची तार तुटलेली होती. एवढ्या गलथानपणात तेवढं एक तुमच्या पथ्यावर पडलं."

आणि नेमकं तेव्हा जिन्यातून आवाज आला, "काय म्हणालात हो? तारेत काय आहे?"

आई होत्या. आरडाओरडा ऐकून एकेक पायरी चढत वर आल्या होत्या. एका हाताने कठडा धरला होता आणि धाप लागली होती.

"करंट आहे, आजी. तुम्ही घालता का रोज कपडे?"

"मीच घालते."

"हाताला काही व्हायचं का?"

आईंनी आधी मुलाकडे पाहिलं. जणू सांगू की नको, अशी परवानगी मागत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "झिणझिणायचं. कोपरापर्यंत."

"पायात काय घालता वर येताना?"

"रबरी चपला. टाचा दुखतात ना माझ्या."

काकांनी लांब श्वास सोडला. "त्या चपलांनी तुम्हाला राखलं, आजी. अनवाणी असतात तर आज मी इथे दुसऱ्याच कामाला आलो असतो."

आई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, घाबरल्या. बहुतेकराव त्यांच्याजवळ गेले तर त्या रडत होत्या आणि रडता रडता हसतही होत्या.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अरे, माझं डोकं ठीक आहे!"

बहुतेकराव त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. दोन महिने! दोन महिने या बाईने जे होतं तेच सांगितलं, खणखणीत खरं सांगितलं आणि आपण तिला गोळ्या चारल्या. गच्ची घरापासून सतरा पायऱ्यांवर होती. एकदा, फक्त एकदा वर येऊन तारेजवळ उभं राहावंसं आपल्याला वाटलं नाही!

"आजवर काही झालं नाही, असं मघाशी कुणीतरी म्हणालं," काका बँकवाल्यांकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "झालं होतं. या आजींना रोज होत होतं. तुमच्या इमारतीतला सगळ्यात उत्तम टेस्टर या होत्या. दिवा पेटला की सांगत होत्या. तुम्ही दिव्यालाच औषध दिलंत."

"आम्हाला कसं कळणार, काका?" शिकवणीच्या बाई पुटपुटल्या. "प्रत्येकाला वाटलं की पुढच्याने केलंय."

"तेच म्हणतोय मी. पुढचा चांगला माणूस आहे, बँकेतला आहे, डॉक्टर आहे, सगळं मान्य. पण वीज माणसाचा हुद्दा विचारत नाही. ती एवढंच बघते की जमिनीपर्यंत वाट आहे की नाही. दुसऱ्यावर विश्वास जरूर ठेवा, पण आपली तार कुठे जाते ते आपल्या डोळ्यांनी बघायला काय हरकत आहे? अर्धा तास लागला आपल्याला. बारा वर्षांतला अर्धा तास!"

बहुतेकराव पुढे आले. 

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "दरवर्षी नगरपालिकेला इमारतीच्या सुरक्षेचं पत्रक जातं. त्यात एक रकाना असतो, 'अर्थिंग तपासले आहे काय?' मी सहा वर्षं तिथे 'होय' लिहितोय. मागच्या वर्षीचं पत्रक समोर ठेवतो आणि तारीख बदलतो. माझ्या आधीचे सचिवही तसंच करायचे, म्हणून मीही केलं. मी कधी वर येऊन पाहिलं नाही. पाइप बदलला तोही मीच."

"सही आमचीही असते त्याच्यावर," बँकवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "मीही न वाचताच करतो."

डॉक्टरांच्या आणि बाईंच्याही सह्या त्यावर होत्या.

त्याच दुपारी काम निघालं. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत काकांनी जागा आखून दिली. बँकवाल्यांनी बाह्या सरसावून कुदळ घेतली आणि पाचव्या घावालाच हाताला फोड आणला. मग डॉक्टर उतरले, मग बहुतेकराव. खड्डा माणसाच्या छातीएवढा झाला तेव्हा काकांनी त्यात लोखंडी नळी उभी ठोकली, भोवती कोळसा आणि मीठ भरायला लावलं. नवी तांब्याची तार चारही खांबांना जोडून, कुठेही न वळवता, भिंतीवरून सरळ खाली आणली आणि नळीला बोल्टने आवळली. मीटरच्या खोलीतलं अर्थिंगही त्यालाच जोडलं. कपड्यांची तार सोडून घेतली आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी ताणली, तीही खांबांना नाही, भिंतीतल्या हुकांना.

"आता यात पाणी घालत जायला हवं," काका म्हणाले. "माती सुकली की अर्थिंग निकामी होतं. आठवड्यातून एकदा बादलीभर, उन्हाळ्यात दोनदा. हे काम कुणाचं?"

नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझं," बहुतेकराव म्हणाले.

"माझं," आई म्हणाल्या. "तू विसरशील."

त्यांनी सुनेच्या हातातून बादली घेतली आणि खड्ड्यात पाणी ओतलं. मातीने ते गटागट पिऊन टाकलं. आई बराच वेळ तिथे वाकून बघत होत्या.

संध्याकाळी बहुतेकरावांनी सोसायटीचं कपाट उघडलं. पत्रकांची जुनी फाइल काढली आणि सहा वर्षांच्या सहा 'होय'समोर लाल शाईने लिहिलं, 'न पाहता लिहिले.' खाली सही केली. मग नगरपालिकेला पत्र लिहायला बसले. पहिल्या ओळीतच पेन अडलं, कारण आपली चूक कशी लिहायची याचा नमुना कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. शेवटी जे घडलं तेच साध्या शब्दांत लिहिलं. सगळं वाचून दाखवल्यावर आई म्हणाल्या, "बरं लिहिलंस."

"आई," त्यांनी मान खाली घालून विचारलं, "रागावलीस का ग माझ्यावर?"

"रागावले नव्हते रे. भ्यायले होते." आई थोड्या थांबल्या. "तुम्ही सगळे म्हणालात की काही नाही, म्हणून मीही म्हणायला लागले की काही नाही. माझ्याच हातावर माझा विश्वास राहिला नव्हता. उद्या मी पुन्हा काही सांगितलं तर काय करशील?"

"आधी गच्चीवर जाईन," बहुतेकराव म्हणाले. "डॉक्टरकडे नंतर."

मंडळी, अशा इमारती कमी नाहीत, आणि पत्रकातले न पाहता लिहिलेले 'होय' तर त्याहून जास्त आहेत. आपण भला शेजारी, शिकलेला डॉक्टर, मागच्या वर्षीची सही बघतो आणि समजतो की आपलीही सोय झाली. जबाबदारी अशी खांबाखांबावरून पुढे ढकलता येते, पण ती शेवटी जमिनीत उतरली नाही तर कुणाच्या तरी हातात उतरते, आणि बहुधा तो हात घरात सगळ्यात जास्त राबणारा असतो. तेव्हा आजच वर जा. आपली तार हाताने न शिवता, डोळ्यांनी बघत बघत शेवटापर्यंत चला, समजलं नाही तर जाणकाराला बोलवा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं की मला काहीतरी लागतंय, काहीतरी जाणवतंय, तर त्याला वेड्यात काढण्याआधी, ते जिथे उभं होतं तिथे एकदा जाऊन उभे राहा.